चांदबिबीचा महाल आणि सलाबतखानाची कबर

नगर शहराच्या पूर्वेस, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत शहाडोंगर नावाचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरील त्याच्या माथ्यावर एक भव्य, दगडी, अष्टकोनी, तीन मजली वास्तू उभी आहे. भोवतालच्या कित्येक गावांतून ती दिसते. नगर तालुक्यातील शेतकऱ्याला, पाथर्डीच्या बाजाराला निघालेल्या व्यापाऱ्याला किंवा सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना ही वास्तू कोणती, असे विचारले तर एकच उत्तर मिळते : "हा चांदबिबीचा महाल."

वास्तविक हा महाल नव्हे आणि तो चांदबिबीचाही नव्हे. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने १५८० च्या सुमारास बांधलेली ही कबर आहे. पुरातत्त्व खात्याच्या दप्तरात तिची नोंद सलाबतखानाची कबर अशीच आहे. असे असूनही चारशे वर्षे लोकांनी ही वास्तू एका राणीच्या नावावर चढवून ठेवली आहे. ही केवळ अडाण्यांची चूक, असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे सोपे आहे. परंतु २०२४ साली आपल्या जिल्ह्याचेच नाव बदलले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अशा वेळी एखाद्या स्थळाला स्त्रीचे, विशेषतः राणीचे नाव कसे लाभते, ते कोण देतो आणि ते देताना कोणाचे नाव मागे पडते, याचा शांत चित्ताने विचार करणे अगत्याचे आहे, असे आम्हास वाटते.

राजाची राणी आणि राज्य करणारी राणी

प्रथम एक भेद स्पष्ट करू. राणी हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक राणी स्वतः राज्य करते, तर दुसरी राजाची पत्नी म्हणून राणी होते. स्थळांना नावे देण्याची प्रथा दोघींच्याही वाट्याला आली आहे. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड हे शहर १८३६ साली वसले. त्याला इंग्लंडच्या चौथ्या विल्यम राजाच्या पत्नीचे नाव देण्यात आले. तिसऱ्या जॉर्जची पत्नी शार्लट हिच्या नावाची शहरे अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. आपल्याकडेही इंग्रजांनी हाच कित्ता गिरविला. मुंबई बंदरातील १९१४ साली खुल्या झालेल्या गोदीस सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिचे नाव होते. आज तीच इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली एक तंत्रशाळा निघाली. तिला पाचव्या जॉर्जची पत्नी राणी मेरी हिचे नाव मिळाले. ती शाळा पुढे पुण्याजवळ खडकीस स्थिरावली.

या नावांत एक गोष्ट समान आहे. ती वरून आली. ज्या राणीचे नाव दिले, तिने ते शहर वा ती गोदी कधी पाहिली असो वा नसो, नाव देणाऱ्यास त्याचे महत्त्व नव्हते. राजनिष्ठा व्यक्त करण्याचा तो एक शिष्टसंमत मार्ग होता.

लोकांच्या मुखी राहणाऱ्या नावाची गोष्ट मात्र निराळी असते. भायखळ्याच्या उद्यानाला प्रथम व्हिक्टोरियाचे नाव होते. पुढे त्यास जिजामातेचे नाव देण्यात आले. तरीही मुंबईकर आजदेखील मुलांना राणीच्या बागेत नेतो. ही कोणती राणी, हे मुलांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा बापालाही नसते. नाव उरले, व्यक्ती विस्मरणात गेली. शहाडोंगरावर घडले ते याच्या उलट. तेथे व्यक्ती लोकांच्या मनात इतकी ठसली, की तिला नाव लावण्यासाठी त्यांनी दुसऱ्याची वास्तू घेतली.

नगरची लेक, विजापूरची राणी

चांदबिबी ही नगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. तिची आई खुंजा हुमायून. त्या काळी विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांनी एकत्र यावे, असे घाटत होते. ही युती पक्की करण्यासाठी दोन सोयरिकी ठरल्या. नगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास देण्यात आली आणि अलीची बहीण नगरच्या शहजादा मुर्तझाला दिली गेली. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे झगडत होती, तो चांदबिबीबरोबर हुंड्यादाखल विजापूरला गेला. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगरचे वैभव लयास गेले. त्या लढाईचा इतिहास शाळेत शिकवला जातो. तिच्या पाठीशी दोन मुलींची लग्ने होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

विजापूरला चांदबिबी पंधरा-सोळा वर्षे राजाची राणी म्हणून राहिली. या काळातील तिची आठवण सांगणारे एक स्थळ आजही त्या शहरात आहे. ते म्हणजे चांद बावडी. विजयनगरच्या पाडावानंतर विजापूरची वस्ती झपाट्याने वाढली आणि पाण्याची टंचाई भासू लागली. म्हणून अली आदिलशहाने १५७९ साली हा मोठा जलाशय बांधून घेतला आणि त्यास आपल्या राणीचे नाव दिले. त्यात सुमारे २ कोटी लिटर पाणी मावते, असे सांगतात. पुढे त्याच शहरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या राणीच्या नावे ताज बावडी बांधली. त्यानंतर १६५१ साली मुहम्मद आदिलशहाने जहान बेगमेच्या नावे बेगम तलाव करविला. विजापूरच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या विजयपुराच्या, या जलाशयांची नावे मोठी बोलकी आहेत. राणीचा गौरव करावयाचा तर तहानलेल्या नगरीला पाणी द्यावे, ही कल्पना त्या दरबारात रूढ झाली होती. राजाने दिलेले नाव असूनही ते टिकले, याचे कारण त्या नावाखाली लोकांना रोज घागर भरता येत होती, असे आम्हास वाटते.

चांद बावडी पूर्ण झाल्यावर एका वर्षातच, १५८० मध्ये, अली आदिलशहाचा खून झाला. राणीला मूल नव्हते. पतीचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याच्या नावे कारभार पाहण्याची जबाबदारी चांदबिबीवर आली. दरबारातील गटबाजीने तिला स्वस्थता लाभू दिली नाही. किश्वरखान नावाच्या सरदाराने तर तिला कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठविले. साताऱ्याचा तो किल्ला पुढे छत्रपतींच्या इतिहासात गाजला. परंतु त्याआधी एक विधवा राणी तेथे बंदिवान होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. किश्वरखानाच्या पाडावानंतर ती सुटली. इब्राहिमच्या बहिणीचा विवाह नगरच्या शहजाद्याशी ठरला, तेव्हा १५८४ साली तिच्यासमवेत चांदबिबी माहेरी परतली.

तटावरची रात्र

माहेरी तिला शांतता मिळावी, अशी दैवाची इच्छा नव्हती. १५८८ साली मुर्तझा निजामशहाला त्याच्याच मुलाने ठार मारले. पुढील सात वर्षांत नगरच्या गादीवर एकामागून एक सुलतान आले आणि गेले. शेवटी वारसाच्या भांडणात मिया मंजू या सरदाराने अकबराचा पुत्र मुराद यास मदतीसाठी बोलाविले. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, परंतु तोवर मोगल फौज निघाली होती. डिसेंबर १५९५ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा पडला. किल्ल्याचा सांभाळ करण्यास पुढे आली ती चांदबिबी. तिच्या भाच्याचा तान्हा मुलगा बहादूर याच्या नावे तिने कारभार हाती घेतला.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. याची खबर आत पोहोचली आणि काही सुरुंग आतून खणून निकामी करण्यात आले. तरीही एक सुरुंग उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. रक्षक पळू लागले. अशा वेळी चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हाती तलवार धरून स्वतः खिंडारात उभी राहिली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता नगरच्या दरबारात राहिलेला होता आणि १५८९ साली तो विजापूरला गेला. त्यामुळे या घराण्यांची माहिती त्याला जवळून होती. दिवसभर लढून मोगलांना आत शिरता आले नाही. रात्रीतून तिने जातीने देखरेख करून खिंडार बुजवून घेतले. सकाळी मोगलांनी पाहिले तो तट पुन्हा उभा! गोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची आणि सोन्याचीही नाणी तोफांतून उडविली, अशी दंतकथा आहे. अखेर १५९६ च्या प्रारंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांस देण्यात आले आणि नगर वाचले. तेव्हापासून लोक तिला चांद सुलताना म्हणू लागले, असे सांगतात.

चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. या वेळी शहजादा दानियाल फौजेचा प्रमुख होता. किल्ल्यात फूट होती आणि शिबंदी दुबळी झाली होती. आता लढत राहणे म्हणजे माणसे फुकट मारविणे, हे चांदबिबीने ओळखले. किल्ला देऊन बालराजास आणि आतील लोकांस सुरक्षित बाहेर काढावे, या हेतूने तिने बोलणी करण्याचा विचार केला. तो कळताच हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याने राणी फितूर झाल्याची आवई उठविली. चिडलेल्या जमावाने महालात घुसून तिला ठार केले. हे घडले १६०० साली. तिच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बालराजाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर बंदीत धाडण्यात आले.

ज्यांच्यासाठी ती लढली, त्यांनीच तिला मारले. ख्रिस्ती वाचकाला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. साडेतीनशे वर्षांनी, १९४२ ते १९४५ या काळात, याच किल्ल्यात पंडित नेहरू बंदिवासात होते. तेथे लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभीच त्यांना या राणीची आठवण झाली.

आईचे पुसलेले चित्र

चांदबिबीच्या आईची कथा येथे सांगणे आवश्यक आहे, कारण ती याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. खुंजा हुमायून ही हुसेन निजामशहाची राणी. तालिकोटच्या विजयानंतर थोड्याच महिन्यांत हुसेनशहा मरण पावला आणि अल्पवयीन मुर्तझाच्या नावे तिने काही वर्षे राज्याचा कारभार पाहिला. याच सुमारास आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी आरंभीचा आणि अनमोल नमुना मानतात. त्यातील चित्रांत राजासोबत राणीही रंगविलेली होती. सिंहासनावर राजाशेजारी राणी बसलेली दाखविणे, ही त्या काळी विरळा गोष्ट. परंतु आज ही चित्रे पाहिली तर बहुतेक ठिकाणी राणीची आकृती पुसून टाकलेली दिसते. मुर्तझाने वयात येताच आईला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले. त्यानंतर कोणीतरी तिची आकृती चित्रांतूनही पुसली, असे अभ्यासक मानतात.

आईचे नाव आज नगरच्या किती लोकांच्या ओठी आहे? मुलीचे नाव मात्र डोंगरमाथ्यावर आहे. आईला दरबारी चित्रकाराने स्थान दिले होते आणि दरबारानेच ते काढून घेतले. मुलीला शहाडोंगरावरील स्थान कोणत्याही दरबाराने दिलेले नव्हते, म्हणून ते काढून घेणे कोणत्याही दरबाराला जमले नाही.

दुसऱ्याच्या कबरीवर राणीचे नाव

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला आहे, असे नाही. पवित्र शास्त्रातील एस्तेर ही अहश्वेरोश राजाची राणी. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तिने स्वतःचा जीव धोक्यात घातला. इराणमधील हमादान शहरात एस्तेर आणि मर्दखय यांची कबर म्हणून एक वास्तू शतकानुशतके दाखविली जाते व यहुदी भाविक तेथे यात्रेला जातात. काही अभ्यासकांच्या मते मात्र ती कबर पुष्कळ नंतरच्या काळातील दुसऱ्याच एका यहुदी राणीची असावी. भाविकांनी तिच्यावर एस्तेरचे नाव ठेवले, ते ज्या राणीने आपल्याला वाचविले तिला कोठेतरी जाऊन वंदन करता यावे म्हणून. नगरच्या लोकांनीही हेच केले, असे आम्हास वाटते. राजधानीवर दुरून नजर ठेवून असलेली ती उंच वास्तू त्यांनी राजधानी राखणाऱ्या स्त्रीला देऊन टाकली.

आपल्या समाजालाही ही लोकरीत परिचित आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील पवित्र मारियेच्या मंदिराचे दप्तरी नाव काहीही असो, आपल्या आजी-पणजींनी तिला मोत माउलीच म्हटले. श्रीरामपूर तालुक्यातील हरिगावची यात्रा मतमाउलीची यात्रा म्हणूनच सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या जिभेवर रुळलेल्या नावात त्यांचा जिव्हाळा असतो.

तरीही येथे एक न्यायाचा प्रश्न उरतो. राणीचा गौरव झाला, पण सलाबतखानाचे काय? तो काही सामान्य सरदार नव्हता. मुर्तझाचे चित्त थाऱ्यावर नसताना कित्येक वर्षे राज्याचा गाडा त्यानेच ओढला. त्याच्या कारभाराची आणि त्या काळी मुलखात नांदलेल्या सुरक्षिततेची फिरिश्ताने मनापासून स्तुती केली आहे. नगरजवळचा फराहबाग हा सुंदर राजवाडा त्याच्याच देखरेखीखाली १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. पुढे लहरी सुलतानाने त्याला कैदेची आज्ञा केली. फौज त्याच्या बाजूला होती, मनात आणले असते तर तो बंड करू शकला असता. परंतु त्याने निमूटपणे बेड्या घालून घेतल्या आणि धन्याने सांगितलेल्या किल्ल्यावर तो स्वतःहून गेला, असे फिरिश्ता सांगतो. अशा माणसाने हयातीत बांधलेल्या कबरीवर त्याचे नाव कोणी घेऊ नये, हेही बरे नव्हे. चांदबिबीच्या थोरवीला सलाबतखानाची वास्तू हिरावून घेण्याची गरज नाही. तिला बुरूज आहेत, भुईकोट किल्ला आहे आणि चांद बावडीही आहे.

आजच्या नामांतराविषयी

अहिल्यादेवींच्या नावाकडे याच दृष्टीने पाहावे, असे आम्हास वाटते. अहिल्याबाई या पत्नी म्हणून राणी झाल्या नाहीत. त्यांचे पती खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, तेव्हा सासरे सुभेदार मल्हारराव हयात होते. मल्हाररावांमागून नातू मालेराव आला, तोही १७६७ साली वारला. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून स्वतः राज्य केले. घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे यांच्या रूपाने त्यांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत पोहोचले. अशा या स्त्रीचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी, पाटलाच्या घरी झाला. म्हणजे त्या याच जिल्ह्याच्या लेकी. त्यांच्या नावाचा जिल्ह्याला अभिमान वाटावा, यात नवल नाही.

परंतु नाव बदलले म्हणजे इतिहास बदलला, असा समज कोणी करून घेऊ नये. अहमद निजामशहाने भिंगारजवळ हे शहर वसविले, ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस. त्याचा नातू हुसेन, त्याची नातसून खुंजा, त्यांची लेक चांद आणि त्यांचा वजीर सलाबतखान ही माणसे याच मातीत वावरली. त्यांच्या नंतर दीडशे-दोनशे वर्षांनी अहिल्याबाई आल्या. एकीला मान देताना दुसरीला विसरावे लागेल, इतके आपले स्मरण तोकडे नाही. सुदैवाने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांत 'नगर' हा शब्द कायम राहिला आहे. श्रीरामपूरचा वा संगमनेरचा माणूस पूर्वीही नगरला जात होता आणि आजही नगरलाच जातो.

वाचकांना आमची एक विनंती आहे. सुटीत मुलांना घेऊन शहाडोंगरावर गेलात, तर त्यांना चांदबिबीची कथा अवश्य सांगा. तटावरची ती रात्र सांगा आणि तिचा अंतही लपवू नका. त्यानंतर त्यांना आत तळघराकडे न्या आणि येथे सलाबतखानाची कबर आहे, हेही सांगा. धन्याने अन्याय केला तरी धनीपणाचा मान राखणाऱ्या त्या वजिराच्या आत्म्यासाठी क्षणभर स्तब्ध उभे राहा. जमल्यास पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील त्या हस्तलिखिताविषयी त्यांना वाचावयास लावा, म्हणजे पुसलेल्या आकृतीच्या जागी कोण बसली होती, हे त्यांना कळेल. मुलांना एकाच डोंगराची दोन नावे आणि त्या दोन नावांमागची तीन माणसे ठाऊक झाली, तर ती मोठी होऊन कोणत्याही नामांतराकडे द्वेषाने किंवा उन्मादाने पाहणार नाहीत.